हळकुंड मोडून बघता येतं

हळकुंड मोडून बघता येतं.
कडकन वाजलं तर वाळलंय,
नुसतं वाकलं तर व्यापारी मान हलवतो
आणि भाव पोत्यातच बसून राहतो.
अठ्ठावीस वर्षं मापाडी होतो मी,
सांगलीच्या यार्डात हाच आवाज ऐकला.

हार्ड डिस्क मोडून बघता येत नाही.

तस्लीम शिकलगारनं काचेवर तीन मांडल्या,
तिन्ही चौकोनी, तिन्ही गप्प.
मी एकेक तळहातावर तोलली. सवय.
ती हसली : काका, भरली तरी एवढीच भरणार.

हेच खटकलं मला.
नऊ वर्षांचं घर आत ओतायचं
आणि काटा जागचा हलणार नाही.

जुनीनं मंगळवारी रात्री टकटक सुरू केली.
दारात कोणी आलंय म्हणून
विमल उठली, कडी काढून आली.
बाहेर फक्त कुत्रं.
टकटक कॉम्प्युटरच्या पोटात होती.
"आता तिला चालू करू नका," तस्लीम म्हणाली,
"मिळेल तेवढं काढते."

मिळेल तेवढं.
पुरानंतर पेव उघडताना वडीलही हेच म्हणायचे.
हरिपूरच्या पेवांत उतरणारा माणूस तो.
जुन्या डिस्कमध्ये त्यांची अकरा मिनिटं आहेत :
"आधी कंदील सोडायचा.
वात विझली तर माणूस सोडायचा नाही."
मग खोकला.
मग कुकरची शिट्टी, आणि मागून विमल :
बास करा की आता, जेवू द्या त्यांना.

"यातली भरवशाची कुठली?"
"ही. पाच वर्षं वॉरंटी. बिघडली तर नवी देतात."
"आणि आतलं?"
"आतलं तुमचं तुम्ही बघायचं."
म्हणजे डबा बदलून मिळणार,
भाकरी गेली ती गेली.

मग तिनं तिन्ही बाजूला सारल्या आणि म्हणाली,
एकच चांगली शोधत बसू नका, काका.
दोन बऱ्या घ्या, दोन कंपन्यांच्या.
आणि एका घरात ठेवू नका.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं वय गेलं माझं,
पण हे पटलं.
आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं.
दोनदा रंग दिला, दोनदा ती वर आली.
आयर्विनला चाळीस फूट झालं की
आम्ही टीव्ही उचलतो, गादी उचलतो,
आणि उचलून ठेवायचं कुठं, यावर भांडतो.

चौदा हजार फाईली निघाल्या, दोनशे गेल्या.
कुठल्या गेल्या ते कळायला
त्या आधी आठवायला हव्यात.

रविवारी जतची एसटी धरली.
एक डिस्क घरी, एक मांडीवर,
हळदीचे डाग पडलेल्या उपरण्यात गुंडाळून.
सुगंधा जतला दिली तेव्हा आई रडली होती,
पाण्यावाचून पोरगी कशी राहील म्हणून.
फोनवर विचारलं, तुझ्याकडं ठेवू का गं एक वस्तू?
पाणी नको लागायला तिला.
ती म्हणाली, दादा,
इथं आम्हालाच लागंना, तिला कुठलं लागतंय.

भाच्याच्या लॅपटॉपला लावली
आणि आधी तीच फाईल उघडली,
कंदील सोडल्यासारखी.
खोकला आला.
कुकर आला.
वात जळत होती.

सुगंधानं डिस्क घेतली, पिशवीत बांधली,
आणि थेट ज्वारीच्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून,
मधोमध पुरली.
अगं, धूळ जाईल, मी म्हणालो, यंत्र आहे ते.

कशाची धूळ, ती म्हणाली,
निंबाचा पाला घातलाय.
कीड लागायची नाही.