दोन बाजूंनी उघडणारी वही

कामा नदी गोठली की गावातली कुलपंही गोठतात.
पेलागेयाने फुंकर मारली, रॉकेल ओतलं,
शेवटी कुंपणावरून हाक दिली:
मिन्नेगाली, कानस घेऊन ये.

ती म्हणते सुंदूक, तो म्हणतो सांदिक,
आपण इकडे संदूक म्हणतो;
लोखंडी पट्ट्यांची, तिच्या आईची.
आई जाऊन एकतीस वर्षं झाली,
आणि आता नातीच्या लग्नाला
आतली लेस हवी होती.

त्याला तासभर लागला.
शाळेच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं
पोरांना त्याने हेच शिकवलेलं:
कुलपाशी भांडायचं नाही.
तिने चहा टाकला,
त्याचा दूध घालून, स्वतःचा कोरा.
हे तिला विचारावं लागत नाही.

लेसला कसर लागलेली.
तिच्याखाली फौजी पट्ट्याचं बक्कल,
त्याखाली शाळेची एक वही,
बेचाळीस सालची.

पुढून उघडली तर रशियन:
मीठ, अर्धा पेला. दिलं.
रॉकेल, एक बाटली. आणलं.
शेळी, आठवड्यासाठी. परत केली. मेली.

मागून उघडली तर
उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं,
त्याच्या आईची, सागादातची,
जिला बापाने जुनी लिपी शिकवली
आणि जिच्या मुलाला ती वाचता येत नाही.
दोघी शेजारणी, वही एक,
दोन्ही टोकांनी सुरू केलेली.
कागद मिळत नव्हता,
एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

मधल्या पानावर दोन्ही हिशेब येऊन थांबलेले.
पेलागेयाने आपली बाजू वाचली:
"दूध. चाळीस दिवस. हे मोजायचं नाही."
शेळीचं असेल, ती म्हणाली.
शेळी तर आधीच्या पानावर मेली, तो म्हणाला.

शुक्रवारी इल्सोयार आली,
मशिदीत मुलांना शिकवणारी, तेवीस वर्षांची.
दारात बुटांवरचा बर्फ झटकला,
मग उलट्या दिशेने बोट फिरवत वाचलं:
"माझं आटलं. लुकेरियाने माझ्या मिन्नेगालीला
तिच्या पेलागेयाबरोबर पाजलं,
एकीकडे हा, एकीकडे ती.
अल्लाह, हे फेडायला माझ्याकडे माप नाही."

आणि खाली, वेगळ्या शाईत:
"आज मी नकार दिला. कारण सांगितलं नाही.
त्या हिवाळ्यात माझी छाती सुकली होती
हे पोराला कसं सांगू."

समोवार तेवढा बोलत राहिला.

त्रेसष्ट साली, नदीचा बर्फ फुटायच्या दिवसांत,
याच दोघांनी लग्न ठरवलं होतं.
त्याची आई म्हणाली, नाही.
तिची आई, नवल म्हणजे, भांडलीच नाही.
अर्थ गावाने लावला: चंद्रकोर आणि क्रूस.
पन्नास वर्षं तो आईच्या जपमाळेवर रुसला,
पन्नास वर्षं ती कोपऱ्यातल्या संतांकडे
पाठ करून जेवली.
मग दोघांनी वेगवेगळी, बरी लग्नं केली.

इल्सोयार हळूच म्हणाली,
आमच्यात एका छातीचं प्यायलेली भावंडं असतात,
त्यांचं लग्न लागत नाही.
(आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: दूधभाऊ.
तिला तातारमध्ये बराच वेळ शोधावा लागला,
मग रशियनमध्ये आणखी थोडा.)

पहिली हसली पेलागेया,
म्हणजे, हसण्यासारखा काही आवाज आला.
तुझ्यासाठी चार महिने रडले रे मी,
अख्खा बटाट्याचा हंगाम,
आणि तू निघालास भाऊ!

मिन्नेगालीने चष्मा पुसला.
दोनदा पुसला.
मग खिशातली सुताराची पेन्सिल काढून
मधल्या पानावर, उरलेल्या चार बोटं जागेत,
रशियन अक्षरांत, पण उजव्या कडेला चिकटून लिहिलं:
"कुलूप. एक तास. हे मोजायचं नाही."

तिने ओणवं होऊन वाचलं.
चहा राहिला, ती म्हणाली.
चहाही लिही.