लेबलिंगसकट सात

एका आकृतीचे पाच रुपये,
लेबलिंगसकट सात.
उधारी फक्त ठेंगरेला,
कारण सकाळच्या गाडीत तो
खिडकीजवळ माझ्यासाठी दप्तर टाकून ठेवतो
आणि त्याबद्दल कधी काही बोलत नाही.

जानेवारीभर मी जास्वंद उभी चिरली.
बारावी विज्ञान, तुकडी अ,
सतरा जर्नलांत सतरा जास्वंदी,
सतरा हृदयं, चार-चार कप्प्यांची,
आणि अँथरचे आडवे छेद इतके
की भाकर मोडली तरी
आत परागकण शोधायचे.
आई म्हणायची,
"जेव न वं, काय पाहून रायली त्यात?"

हात बाबांचा आहे.
बाबा आर्वी रोडवर नंबरप्लेटा रंगवतात,
पोळ्याला बैलांची शिंगं,
निवडणुकीत ज्याचे पैसे आधी येतील त्याचं चिन्ह.
ते म्हणतात, रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही.
मी सोडत नाही.
एक कप्पा पूर्ण होईस्तोवर छाती दुखते.

एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नव्हती.
प्रत्येक आकृतीत, देठाच्या अगदी खाली,
मी एक मुंगी काढायचे.
टाचणीच्या टोकाएवढी. सहा पाय मोजून.
का, ते विचारू नका.
बाबाही प्लेटच्या मागच्या बाजूला
स्वतःचं नाव लिहितात,
जिथं ते फक्त चिखल वाचतो.

एक्स्टर्नल आले अमरावतीहून.
बारीक, हाफ स्वेटर, खिशात भिंग.
आमच्या लॅबमध्ये एकच मायक्रोस्कोप धड,
त्यालाही रबरबँड बांधलेलं.
त्यांनी पहिलं जर्नल उघडलं. दुसरं. पाचवं.
मग भिंग काढलं.
नवव्याला चहा बाजूला सरकवला.

"ही मुंगी कोणाची आहे?"

गौरी डेहनकर स्वतःची नखं पाहू लागली.
मागून कुणीतरी हळूच, "मेलो बे."
पुष्पा मॅडम सायकल स्टँडकडे
इतक्या लक्ष देऊन पाहत होत्या
जणू तिथं काही उगवणार आहे.
ठेंगरे माझ्याकडे पाहत नव्हता.
न पाहण्याचेही प्रकार असतात,
त्याचा मला ओळखू येतो.

अठरावं जर्नल माझं.
त्यात पान चौतिसाच्या पुढे
नुसती शीर्षकं, लाल शाईनं अधोरेखित,
आणि खाली पांढरं.
सतरा जणांचं करता करता
माझं राहून गेलं होतं.

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत.
ओरडलेही नाहीत.
खिशातली पेन्सिल काढली, टोक अंगठ्यावर तपासलं,
आणि माझ्यापुढे ठेवली.
"कोडापे, वीस मिनिटं आहेत. जास्वंद."

मी श्वास धरला.
पाकळी, पुंकेसरांची नळी, कुक्षीचे पाच ठिपके,
खाली अंडाशय, त्यात बीजांडांची रांग.
पाठीमागे सतरा डोकी गोळा झाली.
ज्यांच्या नावावर ही फुलं होती
त्यांनी ती होताना पहिल्यांदाच पाहिली.
"अबे, खोडतच नाही ना हे पोट्टी!"
मॅडम म्हणाल्या, गप्प बसा,
आणि स्वतः एक पाऊल जवळ आल्या.

देठापाशी येऊन हात थांबला.
सर घड्याळ पाहत होते.
ठेंगरे खोकला.

काढली.

सर काही बोलले नाहीत. सही केली,
सही मुंगीला लागू नये अशी, जरा वर.
मार्क किती, ते मे महिन्यात कळेल.

साडेचारची गाडी पाचला आली.
ठेंगरेनं दप्तर टाकलं, मी बसले.
त्यानं बेचाळीस रुपये दिले, सगळी चिल्लर,
कुठून गोळा केली देव जाणे.
"सहा झाल्या ना? लेबलिंगसकट."
आणि उभ्याउभ्याच बाहेरच्या तुरीकडे पाहू लागला.

कंडक्टरनं पास मागितला.
पासावरच्या माझ्या फोटोला
अंगठ्याचा काळा डाग लागला,
आणि तेव्हा लक्षात आलं,
सरांची पेन्सिल
अजून माझ्या वेणीत खोचलेली आहे.