चौदा जानेवारी, संध्याकाळ

बिस्मार्कहून तीन तास गाडी हाकत मी आलो,
मागच्या सीटवर राज्याचे नियम, एकशे बारा पानं,
आणि डब्यात अंड्याचं सँडविच.
काउंटीचं आरोग्य खातं म्हणजे
बियाण्याच्या जुन्या दुकानातल्या दोन खोल्या
आणि बोर्गहिल्ड त्वेट.
खरं तर खातं म्हणजे तीच.

विहिरींच्या पाण्याचे नमुने तिचे,
शाळेतल्या उवा तिच्या,
कॅफेच्या भट्टीखालचा उंदीरसुद्धा तिच्याच नावावर.
मी खुणा करत गेलो, ती कॉफी ओतत राहिली.

मग लसींचा फ्रिज.
दारावर तक्ता. सकाळ, संध्याकाळ, किती अंश.
तीन वर्षं निळ्या शाईत,
न चुकता दिवेलागण करावी तशी.
आणि चौदा जानेवारीच्या संध्याकाळी
एक चौकोन कोरा.

"इथे काय झालं?"
"बर्फ," ती म्हणाली.
मग माझं पेन वर गेलेलं पाहून,
"लिंडक्विस्टांच्या शेतावर सहा आठवड्यांचं पोर होतं.
डांग्या खोकला. बर्फ सारणाऱ्या ट्रकमागून गेले.
रात्री तिथेच राहावं लागलं."
पोराचं पुढे काय, मी विचारलं नाही.
माझ्या कागदावर तो रकाना नव्हता.

दोष एक, मी लिहिलं.
नियम खुळा नाही हो.
उबलेली लस दिसते अगदी चांगल्या लसीसारखी,
टोचणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्याला तर नाहीच.
हे तिलाही ठाऊक. ती मान हलवून सही करायला वाकली,

आणि वाकता वाकता खणातून तिनं
मागचा अहवाल काढला. सही माझीच.
शेवटच्या पानावर माझंच अक्षर:
दुसरी परिचारिका हवी, तातडीनं. खर्च राज्यानं सोसावा.
तिनं तो टेबलावर ठेवला,
पोराची कॉलर सारखी करावी तसा सरळ केला.
"हे झालं की नाही,
ते तपासायला कोण येतं?"

फोन वाजला. ती आतल्या खोलीत गेली,
कुणाच्या तरी विहिरीबद्दल बराच वेळ बोलत बसली.
घड्याळात पाच.
तपासनिसानं तक्त्याला हात लावायचा नसतो,
पान सत्तेचाळीस.
मी फ्रिजसमोर उभा राहिलो.
चार पूर्णांक दोन,
लिहिलं, माझ्या काळ्या शाईत.
पुढच्या खेपेला जो येईल
तो याचाही दोष धरेल.
धरू दे.