ओडेल टॅकेटचं कोठार

मंगळवारी सात वाजता, अग्निशमन ठाण्याच्या मागच्या खोलीत
मी नऊ खुर्च्या मांडते. येतात सहा, कधी सात.
कॉफी पातळ. खुंट्यांवर बंबवाल्यांचे कोट
आमच्या गप्पा ऐकत लटकलेले;
धुराचं त्यांना काय नवल.

ओडेल टॅकेट दाराजवळ बसायचा.
तीन आठवडे गप्प.
चौथ्या मंगळवारी पाळी आली तेव्हा म्हणाला,
"मला सिगारेट सुटत नाही असं नाही, बाई.
पानानं माझ्या दोन्ही मुली शिकल्या.
धाकटीच्या दातांची तार पानाचीच.
आता तुम्ही म्हणता, त्याला शत्रू म्हण."

कोणी काही बोललं नाही.
व्हर्नीनं तोंडातली गोळी या गालातून त्या गालात सरकवली.
माझ्या हातातही एक पान होतं, छापील:
शत्रूला ओळखा.
मी त्याची घडी घातली
आणि पर्सखाली सारली.

केंटकीच्या या डोंगरांत वाळल्या पानांच्या जुडीला
हात म्हणतात.
एका हातात वीस-पंचवीस पानं,
देठांभोवती आणखी एक गुंडाळून गाठ.
हे मला ओडेलनं शिकवलं.
शिकवायला खरं तर मी आले होते,
निकोटिनच्या पट्ट्या घेऊन,
आणि फुप्फुसाचं प्लास्टिकचं मॉडेल,
ज्याचा डावीकडचा तुकडा कधीचाच हरवलाय.

मार्चमध्ये तपासणीची गाडी यायची होती,
छातीच्या आतलं बघणारी, फुकट,
वर्षानुवर्षं ओढलेल्यांसाठी.
आदल्या रात्री ओढा चढला.
चर्चचं आवार गुडघाभर पाण्यात.
चाळीस जणांना फोन करून नाही सांगायचं,
म्हणून मी यादी काढून बसले,
तेवढ्यात त्याचाच फोन.
"माझं कोठार उंचावर आहे. जमीन सपाट.
दारं रुंद. पानांनी लादलेला ट्रक आत जायचा.
तुमचीही जाईल."

गेली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.
वर रिकामे वासे, मजल्यावर मजला,
ज्यांवर पाच पिढ्या पान टांगत आल्या.
सगळं जमलं,
फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.
हवेला ओल आली की
पंधरा वर्षं रिकाम्या लाकडातूनही पान जागं होतं.
आधी गूळ, मग चामडं, मग वाळलं गवत,
आणि सगळ्यांच्या खाली
बापाच्या कोटाचा आतला खिसा.

रांग थबकली.
तेरा दिवस न ओढलेली मेल्बा कॉम्ब्स
डोळे मिटून उभी राहिली, छाती भरभरून घेत.
"हा निव्वळ छळ आहे," म्हणाली आणि हसली,
हसता हसता खोकली,
आणि खोकला काही थांबेना.
ओडेलनं तिला हात दिला,
पालथ्या पाटीवर बसवलं,
आणि स्वतः पाठमोरा उभा राहिला,
तिच्याकडे कोणी बघू नये म्हणून.

गाडीतून यंत्राचा आवाज येत होता,
कुठल्यातरी शहरातल्या बाईचा, इस्त्री केलेला:
श्वास घ्या. धरा. सोडा.
पुढचा माणूस.
श्वास घ्या. धरा. सोडा.
ओडेल बराच वेळ ऐकत राहिला.
"हे तर मी बाराव्या वर्षी शिकलो,
याच कोठारामागे," तो म्हणाला.
"याच क्रमानं."

यादीत त्याचं नाव नव्हतं.
दुपारी चाराला मी ते तळाशी लिहिलं, एक्केचाळीस,
आणि कागद त्याला दिसेल असा धरला.
त्यानं टोपी काढली.
खिशातून किल्ल्या काढून दिल्या, मग चाकू,
मग सिगारेटचं पाकीट.
"आत धातू चालत नाही ना."
पाकिटात धातू नसतो.
मी काही म्हटलं नाही.

परत आल्यावर त्यानं सगळं मागितलं.
मी दिलं.
माझ्यासमोरच त्यानं मोजल्या: चार.
मग बाहेर गेला, कोठाराच्या मागे.
पाऊस थांबला होता.
मी जनरेटर बंद होण्याची वाट बघत उभी होते,
आणि बराच वेळ
मला ना धूर दिसला, ना तो.