कोपराला गूळ

मार्चात पहिली शर्यत कतारला, दिव्यांच्या उजेडात.
आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, पत्र्याची शेड अजून
दिवसाचं ऊन परत देत होती.
भिंतीवर मी खडूनं रकाने आखले:
पंचवीस, वीस, सोळा.
गड्डममालक म्हणाले, हे कुठल्या सुताचे काउंट?
म्हटलं, सूत नाही मालक. पहिला, दुसरा, तिसरा.
पंचविसाचं सूत टॉवेलाला घेतं कोण, असं पुटपुटत
ते गल्ल्याकडे गेले.

मी जॅकार्डची कार्डं पंच करतो.
मोर, कमळ, लॉजांची नावं,
एकदा कुणा आमदाराच्या मुलीचं लग्न.
टॉवेलावर जे उमटतं
ते आधी माझ्या भोकांतून जातं.
आणि रविवारी, शेजारी लतीफभाईच्या गॅरेजात
तेलकट बाकावर आम्ही चौघं,
ग्रीसच्या डब्याला टेकवलेला एक मोबाइल.

आमचा म्हणजे ब्याऐंशी नंबरचा.
का आमचा, ते सांगता येणार नाही.
टीम लहान, गाडी दोन वर्षं जुनी,
आणि वळणावर तो असा कोपर टेकवायचा
की वाटावं, मागाखाली वाकून
तुटलेल्या धाग्याचं टोक शोधतोय.

मुजेलोच्या दुसऱ्या दिवशी नागनाथ मादगुंडी,
गॅरेजातला पोऱ्या, वय एकोणीस,
होटगी रोडच्या वळणावर कोपर टेकवायला गेला.
टेकलं.
लतीफभाईनं आधी हळद लावली,
मग दोन शिव्या, मग चहा.
घरी त्यानं सांगितलं, भिंतीला घासलं.
आई विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली,
भिंतीला डांबर कधीपासून लावतात रे?

असेनला तीन लॅप उरल्या आणि मोबाइल मेला.
लाइट सकाळपासूनच नव्हती.
आम्ही डोळे मिटून उरलेल्या लॅप आपापल्या पुऱ्या केल्या.
चौघांचे चार निकाल.
खरा पाचवाच निघाला.

फिलिप आयलंड सकाळी साडेआठला,
आणि त्याच दिवशी नेमका नळ, पाचव्या दिवसाचा.
घागर, पिंप, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला,
एक कान मोबाइलकडे.
मधेच पाहिलं तर ट्रॅकला लागून अख्खा समुद्र,
आणि सगळे आपले त्याला पाठ दाखवत गोल गोल.
बायको म्हणाली, पाइप धरा नीट.
ब्याऐंशी तिसरा आला. सोळा.

शेवटच्या शर्यतीला नऊ गुण कमी होते.
नऊच.
मालक अहमदाबादला गेले होते.
रात्रपाळीत मी व्हॅलेन्सियाचा ट्रॅक कार्डांवर उतरवला,
एकूण एक वळण, मधोमध ब्याऐंशी.
एकच टॉवेल काढला.
कुणासाठी, हे मागाला विचारायचं नसतं.

संध्याकाळी साडेसहा. चौथीच लॅप.
त्यानं कोपर टेकवलं,
आणि या वेळी ते उचललंच नाही.
गाडी वाळूत लोळत गेली, मागून तो.
उठला. बरा होता.
टायरच्या भिंतीशी हेल्मेटसकट बसून राहिला.
कॅमेरा पहिल्या नंबराकडे गेला.
आम्ही तिथेच,
त्या भिंतीशी.

आता तो टॉवेल लतीफभाई टाक्या पुसायला वापरतात.
तिसऱ्या वळणावर ऑइलचा डाग पडलाय.
भिंतीवरचे रकाने तसेच आहेत,
खाली मालकांनी सुताचा हिशोब मांडलाय:
विसाचं इतकं, सोळाचं इतकं.
बेरीज माझ्यापेक्षा बरी जुळते.

परवा लतीफभाई म्हणाले,
पुढच्या साली त्याला नवी गाडी मिळणार म्हणे, फॅक्टरीची.
मी म्हटलं, कोपराला गूळ आहे सगळा.
नागनाथनं हातातला पाना खाली ठेवला,
बाही वर केली,
आणि त्या गुलाबी, नव्या कातडीपर्यंत
जीभ पोचते का,
ते खरंच करून बघितलं.