अश्वशक्तीचा रकाना

तिघऱ्याच्या पाण्यात गेल्या वर्षी
सरकारने चाळीस अश्वशक्ती उतरवली.
ते पत्र मीच टंकलं होतं,
ग्वाल्हेरच्या कचेरीत, पंखा बंद, चहा निवलेला.
डिझेलला सूट, मोटरीला सूट,
बर्फाच्या गाडीला सूट,
सगळी एकाच ठेकेदाराच्या नावे.
त्याचा खातेक्रमांक मला अजून पाठ आहे.

हरकुंवर बाथम अर्ज घेऊन आली
तेव्हा कागदाला शेवाळाचा वास होता.
इंजिनाचा रकाना कोरा.
"भैया, इंजिन कुठलं?
डोंगी आहे, आणि नवऱ्याचा एक धड खांदा."
कोरा रकाना चालत नाही, मी म्हटलं.
ती उठली नाही.

म्हणाली, पढिन आता दिसत नाही.
आषाढात गाभोळीची मासळी उथळ्याला चढते,
आम्ही जाळी वाळत टाकतो, उसनं आणून खातो,
मोटर मात्र रात्रीची फिरते.
बोटाएवढी रोहूसुद्धा उचलते.
"तळं काय, पुरवून खाल्लं तरच पुरतं."

यंदा नवा मसुदा मागवला वरून.
मी अश्वशक्ती गाळली.
तिच्या जागी घातलं:
जाळ्याचा डोळा केवढा?
विणीच्या दिवसांत नाव कुठे बांधता?
त्या महिन्यांत चूल कशावर चालते?

साहेबांनी वाचलं, लाल पेन उघडलं,
तेवढ्यात फोन वाजला,
ठेकेदाराचाच, आवाजावरून.

फाईल माझ्या टेबलावर आहे.
उडू नये म्हणून वर ठेवलंय
जाळ्याचं एक भाजक्या मातीचं वजन,
हरकुंवर विसरून गेली होती ते.