बादलीला वारा लागतो

ग्दिन्यात फेब्रुवारी. बंदरातलं पाणी
तांदळाच्या धुवणासारखं.
दुपारी तीनलाच मी दुकानातले दिवे लावले होते.
ती आली, हातमोजे न काढताच म्हणाली,
कॅमेरा दाखव.
कुठला?
म्हणाली, ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

मी दोन काढून काचेवर ठेवले.
एक डीएसएलआर, नवशिक्यांसाठीचा,
म्हणजे त्या घराण्यातलं शेंडेफळ,
तरी अंगापिंडानं भरलेलं,
सोबत लेन्स, पट्टा, पिशवी
आणि पुढच्या लेन्सांचा न संपणारा हट्ट.
दुसरा साबणाच्या वडीएवढा.
नव्या नव्हे,
वापरून वापरून चपटी झालेल्या वडीएवढा.

(खरं सांगतो, मोठा खपला की मला चाळीस झ्लोटी सुटायचे,
छोट्यावर बारा.)

म्हणून मी माझं पाठ केलेलं म्हटलं :
याचा डोळा मोठा, याला अंधारातही दिसतं,
मागचं सगळं विरघळून जातं बघा,
पुढचा चेहरा तेवढा राहतो.

मागचं का विरघळायचं? ती म्हणाली.
मला मागचंच हवंय.

मग कळलं, ती गोदीत क्रेन चालवते.
एकशे अठरा पायऱ्यांची उभी शिडी,
दोन्ही हात लोखंडाला.
एकदा चढलं की पाळी संपेपर्यंत वरच,
जेवणसुद्धा बादलीत घालून दोरीनं ओढायचं.
छातीवरच्या खिशात चष्मा असतो, खोकल्याच्या गोळ्या असतात,
उरलेली जागा तिनं
दोन बोटांत धरून दाखवली.
एवढी.

मग हा बादलीतून चढेल की, मी म्हटलं,
चाळीस झ्लोटी अजून डोळ्यांपुढे.

बादलीला वारा लागतो, पोरा.
सोमवारी सूप आलं वर.
अर्धं.

तरी तिनं दोन्ही हातात घेऊन पाहिले.
दाराबाहेर, पाटीच्या दांडीवर, एक सीगल बसला होता,
उडायच्या बेतात.
मोठ्यानं खटकन टिपला :
पंख उघडलेले, चोच, डोळ्यातली पिवळी कडसुद्धा.
मी मनातल्या मनात पावती फाडली.

तो परत येऊन बसेपर्यंत ती थांबली. घाई नव्हती तिला.
मग छोट्याचं बटण दाबलं.
छोटा थबकला,
जरा विचारात पडला,
आणि मग टिपलं त्यानं :
नुसती दांडी.

याला थोडा उशीर होतो, मी म्हटलं.
मलाच ओशाळं वाटलं,
जणू माझंच पोर शाळेत उत्तर चुकलं.

ती त्या इवल्याशा पडद्याकडे बघत राहिली.
दांडी पुसट आलीय, म्हणाली,
हलतेय अजून.
म्हणजे आत्ता होता इथे.

वॉरंटीच्या कार्डावर तिचं नाव लिहिलं : बोगुमिवा.
कॅमेरा पिशवीत घालू दिला नाही.
चष्मा काढला, तो ठेवला, परत चष्मा. बसलं.

एप्रिलमध्ये ती फोटो छापायला आली.
एकतीस.
जहाज नुकतंच सरकलेलं, आणि पाणी
खपली काढल्यासारखं.
वेल्डर उठून गेलेले, बाकावर
त्यांच्या बुडांनी पुसलेल्या पाच जागा.
एक रिकामा हूक.
पक्षी नसलेलं आभाळ, सात वेळा.
एकात नुसता तिचाच अंगठा, लोकरीचा, लाल.

मी एकेक कोरडा करून ठेवत होतो.
सगळंच हुकलेलं, असं म्हणणार होतो,
तोवर हातात तो एक आला :
खोल खाली माणसं राईएवढी,
आणि चौकटीच्या अगदी मधोमध
वर येणारी बादली,
झाकणाखालून निघणाऱ्या वाफेसकट.

ती एकच गोष्ट हळू येते,
ती म्हणाली, म्हणून सापडली.

त्या फोटोचे पैसे मी लावले नाहीत.
बारातले दोन गेले.
मोठा अजून कपाटात होता,
झाकण लावलेला डोळा दाराकडे करून.